हळदीतला वरण-भात

त्या दिवशी दादाचा रिपोर्ट आला. तो मी वाचला. दादाने विचारलं, "मूळव्याधच ना?" मी म्हणाले, "नाही. कॅन्सर आहे." दादाने चप्पल घातली आणि आम्ही पालेगावला घरी आलो.

घरी आल्यावर तो ओट्यावर बसला आणि वहिनीला म्हणाला, "आज बोंबील कर."

वहिनी माझ्याकडे बघायला लागली. त्या घरात गेली तीन वर्षं सुकी मासळी शिजली नव्हती. दादाला पथ्य होतं. तो खात नाही तर आपण कशाला, म्हणून वहिनीने आणि पुतणीनेही सोडली होती. बोंबील, सुकट, वांगं, अंडं, मटण, सगळं बंद. आमच्या घरात हे पथ्य म्हणजे एखाद्या व्रतासारखं होतं, आणि दादाने ते कधी मोडल्याचं कुणी पाहिलं नाही. मूळव्याध नाही म्हटल्यावर पथ्यही उरलं नाही, एवढाच अर्थ त्याने त्या रिपोर्टातून त्या क्षणी घेतला. वहिनीने शेजारून बोंबील मागून आणले. दादा तांदळाच्या भाकरीबरोबर ते कालवण पोटभर जेवला. मग हात धुऊन त्याने मला विचारलं, "आता काय करायचं?"

आम्ही तीन भावंडं. दादा मोठा, मी मधली, आणि धाकटा. आमची शेतं पालेगावात होती. आता तिथे इमारती आहेत आणि घरासमोर थोडी जागा राहिली आहे, जिच्यात दादा पावसाळ्यात भेंडी आणि काकडी लावायचा. तो अंबरनाथच्या सरकारी कारखान्यात कामाला होता. धाकटा त्याच इमारतींना रेती-खडी पुरवतो. मी लग्नानंतर बदलापूरला राहते आणि उल्हासनगरच्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. आई दादाकडे असते. वडील मी शाळेत असतानाच गेले.

वडील कशाने गेले, असं कुणी विचारलं तर आम्ही सांगायचो, मूळव्याध होती, त्यात अशक्तपणा आला. हे सांगताना कुणाला संकोच वाटायचा नाही. काही घरांत जसा दमा असतो, काही घरांत लवकर टक्कल पडतं, तशी आमच्या घराण्यात मूळव्याध आहे, असं आम्ही समजत आलो. म्हणून दादाला शौचाच्या वेळी रक्त दिसलं तेव्हा तो घाबरला नाही. वडिलांचं आपल्याकडे आलं, एवढंच त्याला वाटलं. आणि वडिलांनी जे केलं होतं तेच त्याने केलं. तो औषधाला गेला.

औषध म्हणजे चामटोलीच्या पुढच्या एका पाड्यावर मिळणारं झाडपाल्याचं औषध. वडिलांच्या वेळी तिथे एक म्हातारा बसायचा, आता त्याचा मुलगा बसतो. रविवारी पहाटे उपाशीपोटी जायचं. तो कुठलीशी मुळी उगाळून घट्ट दह्यात कालवून देतो. उगवतीकडे तोंड करून ते एका दमात घ्यायचं. येताना वाटेत ओढा लागतो, तो ओलांडेपर्यंत कुणाशी बोलायचं नाही. नंतर सव्वा महिना पथ्य, पण दादाने ते पुढेही सोडलं नाही. त्या माणसाने कधी कुणाकडून काही घेतलं नाही, आणि तो कुणाला फसवत होता असं मला आजही वाटत नाही. त्याला जे दिलं गेलं तेच तो देत होता.

या औषधाचा सगळ्यात मोठा नियम पथ्याचा नाही. औषध घेतलं आहे हे कुणाला सांगायचं नाही, हा तो नियम. सांगितलं की औषध टोकलं जातं, मग त्याचा गुण जातो. दुसऱ्या डॉक्टरला तर मुळीच सांगायचं नाही. ज्याला सांगायचं नाही त्याच्याकडे जायचंही कारण उरत नाही. रक्त काही दिवस थांबायचं. थांबलं की औषध लागू पडलं. पुन्हा दिसलं की पथ्यात कुठेतरी चूक झाली, म्हणून पुन्हा रविवारी पहाटे चामटोली. असं दादाने तीनदा केलं. हे आम्हाला फार नंतर कळलं.

पण कळत नव्हतं असंही म्हणता येत नाही. आमच्यात लग्नाच्या आदल्या संध्याकाळी हळद असते. मांडवात डीजे लागतो, मटण शिजतं, भाकऱ्यांची चळत पुढ्यात येते. अशाच एका हळदीत, या सगळ्याच्या सुरुवातीच्या वर्षी, दादाने पानावर हात आडवा धरला आणि वाढणाऱ्याला म्हणाला, "मना वरन-भात."

पंक्तीत समोर बसलेले आमचे चुलतकाका, ज्यांना गप्प बसवत नाही, ते लगेच म्हणाले, "अरं दादूस, हळदीला वरन-भात? एकादस हाय काय आज?"

"माळ घातली असल त्यानी," दुसरा कुणीतरी म्हणाला.

"माळ कसली, वयनीनं घातलीय येसन!"

सगळे हसले. दादाही हसला. मग काकांच्या शेजारी बसलेल्या एका वयस्क माणसाने त्यांच्या दंडाला हलकेच हात लावला आणि म्हणाला, "गप रं." काकांनी दादाच्या पानाकडे पुन्हा एकदा पाहिलं आणि ते एकदम दुसऱ्याच विषयावर बोलायला लागले. हळदीत जो पुरुष वरण-भात खातो त्याला काय झालं आहे हे आमच्यात सगळ्यांना समजतं. समजलं की विचारायचं नसतं. विचारणाराही औषध टोकतो. त्या पंक्तीत शंभर माणसं तरी असतील. ती सगळी दादाच्या बाजूने, त्याच्या भल्यासाठी गप्प बसली.

दादा दर वर्षी रक्तदान शिबिरात जायचा. कारखान्याजवळच्या मैदानात मंडप असायचा, रक्त दिल्यावर केळं आणि बिस्किटं मिळायची, आणि त्याला त्या बिस्किटांचं लहान मुलासारखं अप्रूप होतं. शेवटच्या वर्षी तिथल्या मुलीने त्याच्या बोटातून थेंब घेतला आणि सांगितलं, "काका, तुमचंच रक्त कमी आहे. तुम्ही नाही देऊ शकत." एखाद्याला रांगेतून बाहेर काढावं तसं त्याला झालं होतं. मग जवळच्या दवाखान्यातून लोहाच्या गोळ्या आणल्या. डॉक्टरांनी विचारलं, "काही त्रास?" दादा म्हणाला, "नाय." औषधाचा नियम त्याने तिथेही पाळला.

नंतर मी वाचलं की बाईच्या अंगातलं रक्त कमी व्हायला तिची पाळी हे एक कारण असू शकतं. पण चांगल्या खात्यापित्या पुरुषाचं रक्त कमी होतं, तेव्हा ते बहुधा कुठेतरी जात असतं. ते कुठे जातं आहे हे शोधायचं असतं. नुसत्या गोळ्यांनी आकडा वर येतो, आणि माणसाला वाटतं की बरं झालं.

काही महिन्यांनी त्याचं पोट बिघडलं. कधी बद्धकोष्ठ, कधी दिवसातून अनेकदा जाणं, आणि जाऊन आल्यावरही अजून आहे असं वाटणं. पँट कमरेला सैल झाली. वहिनी म्हणाली, "पथ्यानं वाळलेत." मी त्याला उल्हासनगरला, आमच्या कॉलेजजवळच्या एका डॉक्टरणीकडे नेलं. तिच्या दवाखान्याच्या बाहेरच्या भिंतीवर मोठ्या लाल अक्षरांत कुणीतरी रंगवलं होतं, मूळव्याध, भगंदर, फिशर, बिना ऑपरेशन. ती जाहिरात तिची नव्हती, पण डॉक्टरीण रोज त्याच भिंतीशेजारून आत जात होती. ती सिंधी होती आणि अर्धं मराठी, अर्धं हिंदी बोलायची.

"घरात कोणाला कॅन्सर?" तिने विचारलं.

"नाय. आमच्याकडं फक्त मूळव्याध," दादा म्हणाला.

"किसको?"

"वडलांना व्हती."

"वडील कशाने गेले?"

"अशक्तपनानी."

"उमर क्या थी?"

"पन्नाशी पन नवती."

तिने लिहिणं थांबवलं. "भाऊ, मूळव्याधीने कोणी पन्नाशीच्या आधी मरतं का?" तिने पान उलटलं. "वडिलांचे भाऊ-बहीण?" तिने पुढे विचारलं. मी म्हणाले, "एक आत्या होती. तिच्या अंगावरून जायचं. पाळी बंद झाल्यानंतर पुन्हा सुरू झालं होतं. त्यातच गेली." डॉक्टरणीने ते वडिलांच्या नोंदीखाली लिहिलं. तिला एका मिनिटात जे दिसलं ते आमच्या घरात एवढ्या वर्षांत कुणालाच दिसलं नव्हतं. दोन मृत्यू आम्ही दोन वेगळ्या खणांत ठेवले होते.

"झोपा कुशीवर. बोटाने बघावं लागेल," ती म्हणाली.

दादा माझ्याकडे बघायला लागला. बाईमाणूस डॉक्टर, आणि बहीण समोर. मी बाहेर गेले. बाकावर नीट टेकेपर्यंत तिने मला परत आत बोलावलं. तपासायला एवढाच वेळ लागतो. "आत कडक लागतंय," ती म्हणाली. "एवढ्या दिवसांत कोणी हात लावून बघितलं नाही? कुठे दवा चालू होती?"

दादा गप्प राहिला. अजून तो औषधाचा गुण वाचवत होता.

दुर्बिणीने तपासणी झाली, तुकडा काढला, तो रिपोर्ट मी वाचला, आणि त्याचं मी सुरुवातीला सांगितलंच आहे. नंतरच्या स्कॅनमध्ये आजार यकृतात पोहोचलेला निघाला.

मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात आम्ही पुष्कळ बसलो. नंबर येईपर्यंत माणसं आपापल्या गोष्टी सांगतात. सांगायला दुसरं काही नसतं. ऐकता ऐकता माझ्या लक्षात आलं की जवळजवळ प्रत्येकाच्या आजाराला आधी एक घरगुती नाव होतं. एका बाईने छातीतल्या गाठीला दुधाची गाठ म्हटलं होतं. मूल कॉलेजात जाण्याएवढं झालं तरी ती गाठ दुधाचीच होती, आणि दुखत नाही म्हणून ती निर्धास्त होती. एका माणसाच्या तोंडात तंबाखूच्या जागी पांढरा चट्टा उठला होता. त्याला त्याने उष्णता म्हटलं, आणि चट्टा झोंबू नये म्हणून तंबाखू दुसऱ्या गालात धरायला लागला. तोंड दोन बोटांपलीकडे उघडेना तेव्हा तो इथे आला. पाळी जाऊन वर्षं झालेली एक आजी होती. तिला पुन्हा रक्त दिसलं तेव्हा तिने देवाचं करणं बंद केलं, पण कुणाला सांगितलं नाही. मला आत्या आठवली. ही सगळी साधी, ओळखीची, घरात वावरणारी नावं. ती उच्चारली की भीती जाते. त्या नावांनी आमचंही काम तसंच केलं होतं.

मी वाचणारी बाई आहे. दुःख झालं की पुस्तकाकडे जाते, त्याला माझा इलाज नाही. कॉलेजच्या ग्रंथालयात जे होतं ते आणि डॉक्टरांनी सांगितलं ते, मी सावकाश वाचत गेले. वाचलेल्यातली एक गोष्ट मला अजून सोडत नाही. मोठ्या आतड्याचा हा कॅन्सर बहुधा एकदम उगवत नाही. आधी आतड्याच्या आतल्या अंगाला एक मऊ गाठ येते, पॉलिप म्हणतात. ती कॅन्सर व्हायला बहुतेकदा वर्षं जातात. तेवढ्या वर्षांत ती दुर्बिणीतूनच काढून टाकता येते, पोट फाडावं लागत नाही. गाठ गेली की तो कॅन्सर होतच नाही. म्हणजे हा नुसता लवकर सापडणारा आजार नाही, तो होण्याआधी थांबवता येणारा आहे. वेळ दादाकडेही होता. तो वेळ दह्यात आणि वरण-भातात गेला.

रक्ताच्या रंगावरून घरी बसून काही ठरवता येत नाही, हेही तेव्हा कळलं. ताजं लाल असेल तर मूळव्याधच, असं आमच्याकडे छातीठोक सांगतात. बहुतेकांची मूळव्याधच निघते, हे खरं आहे. पण ती निघते तपासल्यावर. आधी नाव ठेवून नाही.

दादाच्या आतड्याची वाट बंद होत आली होती, म्हणून पोटावर छेद घेऊन शौचासाठी बाहेरून पिशवी लावली. मग केमो. तो पिशवीला कधी नाव घेऊन बोलला नाही, पण वहिनीकडून ती बदलायला शिकला आणि नंतर स्वतःच बदलायला लागला. अंगापेक्षा मोठे शर्ट घालायचा. भेंडीच्या वाफ्यात खुर्ची टाकून बसायचा. आई त्याच्या बाजूला पाटावर बसून लसूण सोलायची आणि त्याच्या पोटाकडे बघायची नाही. मी एकदा तिला सांगायचा प्रयत्न केला की वडिलांनाही हेच असावं.

"तुमच्या बापसाला मूळव्याध व्हती," ती म्हणाली.

"बय, तेव्हा तपासलं नव्हतं ना."

"मी केलंय त्याचं सगलं. मना म्हाईत हाय त्याला काय व्हतं." तिने लसणाचं ताट उचललं आणि आत गेली. मी पुन्हा तो विषय काढला नाही. तिने ज्या माणसाची शेवटपर्यंत सेवा केली त्याचा आजारच वेगळा होता, हे तिच्याकडून मान्य करून घेऊन मला काय मिळणार होतं?

मुंबईच्या डॉक्टरांनी दादाच्या गाठीचा तुकडा पुन्हा तपासायला पाठवला. तो घराण्यातून येणाऱ्या प्रकाराचा वाटतो, असं त्यांनी सांगितलं. मग उल्हासनगरच्या डॉक्टरणीने मला समोर बसवलं. "भाऊ-बहीण, मुलं, सबका चेकअप. अभी. लक्षण येण्याची वाट बघायची नाही. आणि तुम्ही लेडीज, गर्भाशयाचं पण बघायचं. आत्याचं लक्षात ठेवा." आमच्यासारख्या घराण्यात पॉलिपचा कॅन्सर व्हायला लागणारी वर्षं कमी असतात, हेही तिने सांगितलं. दादाला वाचवणं हातात राहिलं नव्हतं. आता प्रश्न बाकीच्यांचा होता.

मी आधी माझी तपासणी करून घेतली. आदल्या दिवशी पोट साफ करायचं पातळ औषध तांब्या-तांब्याने प्यायचं असतं. तपासणीपेक्षा तेच कठीण आहे. तपासणी झोपेतच झाली. माझं आतडं स्वच्छ निघालं, गर्भाशयही. ही बातमी मी दादाला सांगितली तेव्हा त्याने माझ्या डोक्यावर हात ठेवला. असं त्याने माझ्या लग्नात केलं होतं, त्यानंतर पहिल्यांदा.

धाकट्याला मी दोनदा जाऊन भेटले. तो रेतीच्या ढिगाशेजारी ट्रक खाली करून घेत उभा होता. गळ्यात साखळी, कानाला फोन.

"ताय, मना काय झालंय?" तो हसून म्हणाला.

"काही झालं नसतानाच करायचं असतं ते."

"काय झालं नाय, आनि मी पाइप घालून घेऊ? तू पुस्तकं लई वाचतेस."

"दादाकडे बघ की रे."

तो हसायचा थांबला. "दादूसचं वेगलं हाय," म्हणाला आणि ट्रकवाल्याला ओरडायला लागला. मी उगाच अजून थोडा वेळ तिथे उभी राहिले. त्याचा चेहरा मला उतरलेला दिसला, पण त्या दिवसांत आम्हा सगळ्यांचेच चेहरे उतरलेले होते.

तुळशीच्या लग्नानंतर चुलतभावाच्या मुलाचं लग्न निघालं. दादा म्हणाला, हळदीला मी येणार. वहिनीने नको म्हटलं, मी नको म्हटलं, तो आलाच. मोठा शर्ट, टोपी, हातात काठी. सगळ्यांनी त्याला पंक्तीत मध्यभागी बसवलं. त्याच चुलतकाकांनी त्याच्या पानावर स्वतः मटण वाढलं. "खा दादूस, आज एकादस नाय." दादा हसला. त्याला आता सगळं चालत होतं, फक्त जात नव्हतं.

वाढणारा पुढे सरकला. दादाच्या समोरच्या ओळीत धाकटा बसला होता. त्याने पानावर हात आडवा धरला.

"मना वरन-भात."

काकांनी तोंड उघडलं आणि मिटलं. धाकट्याच्या शेजारच्याने मान खाली घातली. पुन्हा तेच. पन्नास पानांवरून एक शांतता गेली, जी डीजेच्या आवाजातही मला ऐकू आली. मी बायकांच्या ओळीतून दादाकडे बघत होते. तो धाकट्याच्या पानावरच्या भाताकडे बघत होता.

"तुना रगत पडतंय?" दादा म्हणाला.

डीजेत ते कुणाला ऐकू आलं नाही, मला ते त्याच्या ओठांवरून कळलं. धाकट्याला आलं असावं, कारण तो भात कालवायचा थांबला. दादा काठीवर जोर देऊन उभा राहिला. कुणाला तरी वाटलं त्याला बरं वाटत नाही, म्हणून डीजे बंद करायला सांगितलं. मांडव गप्प झाला आणि दादा त्या शांततेत ओरडला.

"परसाकडला रगत पडतंय का तुना?"

"दादूस, खाली बस," धाकटा दबक्या आवाजात म्हणाला.

"चामटोलीला गेलतास? दही घेतलंस?"

"लोकं हायेत. बस तू."

"असू दे लोकं! मी पन घेतलंय दही. तीन येला घेतलं. बापूस पन घ्यायचा. कुनाला सांगितलं नाय आमी." त्याने शर्टावरून पिशवीवर हात ठेवला. "ह्यो बग गुन!"

धाकटा पानावरून उठला. मला वाटलं तो दादाच्या अंगावर जाईल. "टोकलंस ना? भरल्या मांडवात टोकलंस! आता मना गुन येल का?" असं म्हणून तो न जेवता निघून गेला. नवरदेवाची आजी पदराने तोंड झाकून रडायला लागली, शुभ कामात असं बोलायचं का म्हणून. काही माणसं दादाला शांत करायला पुढे आली, पण तो आधीच शांत होऊन खाली बसला होता. त्याने पान पुढे ओढलं. त्याला दोन घासांपेक्षा जास्त गेलं नाही. मग डीजे पुन्हा लागला.

माझा दादा कमी बोलणारा माणूस होता. घरातला मोठा असून त्याने कुणावर आवाज चढवल्याचं मला आठवत नाही.

त्यानंतर दोन-तीन दिवस धाकट्याने कुणाचा फोन घेतला नाही. मग एका दुपारी मी ग्रंथालयात असताना त्याचाच फोन आला.

"ताय, तो पाइपवाला डॉक्टर कुठला?"

"का रे?"

"का म्हनजे? औषध टोकलं दादूसनी. आता त्याचा उपेग काय? डॉक्टर तर डॉक्टर."

मी त्याला पत्ता दिला आणि वाद घातला नाही. ज्या समजुतीने त्याला अडवलं होतं तीच त्याला तिकडे नेत होती. तेव्हाही मला हे चांगलं वाटलं नाही, आणि आजही त्याचं काय करावं ते मला कळत नाही. माझ्या पुस्तकांनी तो गेला नाही, हे मात्र खरं.

त्याच आठवड्यात चुलतकाकाही माझ्याकडे डॉक्टरणीचा पत्ता विचारून गेले, इकडेतिकडे बघत, हळू आवाजात. त्यांची खरोखरच मूळव्याध निघाली. आता ते पंक्तीत बसून सगळ्यांना सांगतात, "माझी सर्टिफाइड हाय!"

धाकट्याच्या तपासणीत दोन पॉलिप सापडले. दुर्बिणीतूनच काढले. लहान होता तो साधा निघाला. मोठ्यातल्या पेशी बदलायला लागल्या होत्या, पण बदल त्या गाठीतच होता, मुळाशी पोहोचला नव्हता. "अच्छा हुआ, आले," डॉक्टरीण म्हणाली. दर वर्षी तपासणी करायची, चुकवायची नाही, तंबाखू आजपासून बंद.

ते दादाला सांगायला मी गेले. तेव्हा तो अंथरुणावरच असायचा. मी सांगितलेलं त्याने नीट ऐकलं.

"केवरी व्हती गाठ?"

मी अंगठ्याचं पेर दाखवलं. तो माझ्या अंगठ्याकडे बघत राहिला. मग त्याने स्वतःचा हात चादरीबाहेर काढला आणि आपल्या अंगठ्याकडे बघितलं.

"माझी पन तेवरीच असल, कवातरी," तो म्हणाला.

धाकटा त्याला भेटायला रोज यायचा. दोघं हळदीबद्दल काही बोलले नाहीत. धाकटा त्याची दाढी करून द्यायचा आणि रेतीचे भाव सांगायचा. दादा होळीच्या आधी गेला. सकाळची वेळ होती, आणि आई त्याच्याजवळ बसलेली होती.

आता पुतणीचं राहिलं आहे. ती चोवीस वर्षांची आहे, ठाण्याला नोकरी करते. डॉक्टरांनी सांगितलं आहे की आमच्या घराण्याचा दोष तिच्यात आला आहे का ते रक्तातून बघता येईल. आला नसेल तर तिची त्या बाबतीतली काळजी मिटेल, आला असेल तर आत्तापासून नियमाने तपासण्या. वहिनी म्हणते, लग्न होऊ दे आधी. कागदावर एकदा आलं की कोणतं स्थळ घरात येईल? मी तिला रागावू शकत नाही. तिच्या भीतीत काही खोटं नाही. पण वहिनी हे बोलते तेव्हा मला ती पंक्ती आठवते. मुलीच्या भल्यासाठी सगळे पुन्हा गप्प आहेत. फरक एवढाच की या वेळी मी गप्प नाही. दर महिन्याला मी तो विषय काढते, वहिनी दर वेळी उठून चहा ठेवते. पुतणी मला फोनवर विचारते, "आत्या, त्या टेस्टला किती वेळ लागतो गं?" मी सांगते, रक्त द्यायला पाच मिनिटं. ती बरं म्हणते आणि ऑफिसातलं काहीतरी सांगायला लागते.

आई अजून म्हणते, आमच्याकडे मूळव्याध आहे. धाकटा या वर्षीची तपासणी करून आला, आतडं स्वच्छ आहे. मागच्या हळदीत त्याने मटण खाल्लं. दादा आता नाही. पुतणीची तपासणी व्हायची आहे.